फ्रेंच क्रियापदाचे एक ग्रांथिक रूप : अपूर्ण भूतकालीन सब्जंक्टिव्ह

प्रत्येक भाषेत काही रूपे अशी असतात की, ती घरात ऐकू येत नाहीत, बाजारात ऐकू येत नाहीत. पण ग्रंथ उघडला की पानापानावर भेटतात. आपल्या मराठीत जुन्या कथापुराणांच्या गद्यात ‘राजा म्हणता झाला’, ‘ऋषी वदते झाले’ अशी वाक्ये येतात. आज कोणी मुलगा आईला ‘मी जेवता झालो’ असे सांगणार नाही. तरीही ते वाक्य वाचताना आपण अडखळत नाही, कारण ते रूप आपल्या ओळखीचे आहे. बोलण्यासाठी लागणारी भाषा आणि वाचण्यासाठी लागणारी भाषा यांत असे अंतर असते. ज्याला दुसरीच तेवढी अवगत नाही, त्याच्यासाठी ग्रंथालयाची अर्धी दालने बंद राहतात.

फ्रेंच भाषेत असेच एक रूप आहे. फ्रेंच व्याकरणकार त्याला ‘अँपार्फे द्यु स्युब्झोंक्तिफ’ म्हणतात. आपण त्याला अपूर्ण भूतकालीन सब्जंक्टिव्ह म्हणू. अकरावी-बारावीला किंवा पुढे पदवीला फ्रेंच घेणारा विद्यार्थी या धड्यापाशी आला की बहुधा तो ओलांडून पुढे जातो. ‘हे आता कोणी बोलत नाही’ असे त्याला सांगितले जाते. ते खरेही आहे. परंतु अठराव्या शतकातील तत्त्वज्ञ, एकोणिसाव्या शतकातील कादंबरीकार आणि भारताविषयी लिहिणारे जुने फ्रेंच पंडित यांचे लेखन मुळातून वाचायचे असेल, तर या रूपावाचून चालत नाही. प्रस्तुत लेखात हे रूप कसे घडते, केव्हा येते, कोठून आले आणि मागे का पडले, याचा क्रमाने विचार करू.

उच्चाराविषयी दोन शब्द

या लेखात फ्रेंच शब्द देवनागरीत त्यांच्या उच्चाराप्रमाणे दिले आहेत. फ्रेंचमधील ‘यू’ या अक्षराचा स्वर मराठीत नाही. ओठ ‘उ’ म्हणताना करतो तसे गोल करावेत आणि जिभेने मात्र ‘ई’ म्हणावी. म्हणजे तो स्वर उमटतो. तो येथे ‘्यु’ असा लिहिला आहे. चंद्रबिंदू आणि ‘यों’, ‘कों’ यांवरील अनुस्वार हे स्वर नाकातून काढावयाचे आहेत, असे दर्शवतात. फ्रेंच शब्दांतील शेवटची व्यंजने बहुधा मूक असतात. लिहिण्यात असतात, उच्चारात नसतात. ही शेवटची गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

सब्जंक्टिव्ह म्हणजे काय?

मराठी व्याकरणात आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकतो : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘तो येतो’ हा स्वार्थ. यात घडणाऱ्या गोष्टीचे कथन आहे. ‘त्याने यावे’ हा विध्यर्थ; येथे येण्याची क्रिया घडली असे आपण म्हणत नाही, ती घडावी अशी इच्छा, अपेक्षा किंवा कर्तव्य व्यक्त करतो. फ्रेंच सब्जंक्टिव्ह हा या विध्यर्थाचा जवळचा आप्त आहे. इच्छा, आज्ञा, भीती, शंका, आवश्यकता अशा भावनेच्या मुख्य वाक्यानंतर ‘क’ हे अव्यय येते (आपल्या ‘की’शी त्याचे साम्य सहज लक्षात राहते) आणि त्यानंतरच्या गौण वाक्यातील क्रियापद सब्जंक्टिव्हमध्ये येते.

‘ईल फो कील व्हियेन’ म्हणजे ‘त्याने यायला हवे’. येथे ‘ईल फो’ म्हणजे ‘आवश्यक आहे’ आणि ‘कील’ म्हणजे ‘की तो’. ‘व्हियेन’ हे ‘व्हनीर’ (येणे) या क्रियापदाचे वर्तमानकालीन सब्जंक्टिव्ह रूप.

आता मराठी आणि फ्रेंच यांच्या वाटा जेथे वेगळ्या होतात ते स्थळ पाहू. मराठीत ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ आणि ‘त्याने यावे अशी माझी इच्छा होती’ या दोन वाक्यांत मुख्य क्रियापद बदलले, परंतु ‘यावे’ तसेच राहिले. मराठी विध्यर्थाला काळाचे बंधन नाही. जुन्या काटेकोर फ्रेंचमध्ये मात्र मुख्य वाक्य भूतकाळात गेले की गौण वाक्यातील ‘यावे’लाही भूतकाळात जावे लागते. ‘ईल फाले’ (आवश्यक होते) असे म्हटल्यावर ‘व्हियेन’ चालत नाही. ‘ईल फाले कील व्हँ’ असेच म्हणावे लागते. हे ‘व्हँ’ म्हणजेच आपला आजचा विषय.

रूपे कशी घडतात?

हे रूप अवघड आहे अशी त्याची ख्याती आहे. वस्तुतः फ्रेंच क्रियापदांच्या जंगलात इतका सरळ नियम दुसरा क्वचितच सापडेल. साध्या भूतकाळाचे (फ्रेंचमध्ये ‘पासे सँप्ल’) द्वितीय पुरुषी एकवचनी रूप, म्हणजे ‘त्यु’ (तू) या कर्त्याचे रूप घ्यावे आणि त्याला ‘स’ जोडावा. लिहिताना हे रूप मूक ‘एस’ने संपते, त्यापुढे ‘एस’ आणि ‘ई’ ही दोन अक्षरे लिहिली की, दोन ‘एस’ शेजारी येऊन ‘स’ स्पष्ट ऐकू येतो.

त्यु पार्ला (तू बोललास) – क झ पार्लास (मी बोलावे)
त्यु फिनी (तू संपवलेस) – क झ फिनीस (मी संपवावे)
त्यु फ्यु (तू होतास) – क झ फ्युस (मी असावे)
त्यु व्हँ (तू आलास) – क झ व्हँस (मी यावे)

सगळी क्रियापदे या चारांपैकी कोणत्यातरी एका कुळात बसतात. त्यांना आपण ‘आ’ कुळ, ‘ई’ कुळ, ‘यु’ कुळ आणि ‘अँ’ कुळ म्हणू.

‘आ’ कुळात ‘ईआर’ या अक्षरांनी संपणारी सर्व क्रियापदे येतात. फ्रेंचमधील बहुसंख्य क्रियापदे हीच. ‘जाणे’ या अर्थाचे ‘आले’ हे क्रियापद इतरत्र अनियमित असले, तरी येथे निमूटपणे याच कुळात बसते : आलास, आला. मराठी विद्यार्थ्याला ही रूपे ऐकून हसू येईल, कारण आपल्या कानाला ती ‘येण्या’ची वाटतात आणि फ्रेंचमध्ये ती ‘जाण्या’ची आहेत. हसू आले तर येऊ द्यावे; रूप पाठ होते.

‘ई’ कुळात ‘फिनीर’सारखी क्रियापदे आणि ‘आरई’ने संपणारी अनेक क्रियापदे येतात : राँद्र (परत देणे) – राँदीस, फेर (करणे) – फीस, दीर (सांगणे) – दीस, व्ह्वार (पाहणे) – व्हीस, प्राँद्र (घेणे) – प्रीस, मेत्र (ठेवणे) – मीस.

‘यु’ कुळात भाषेतील दोन आधारस्तंभ आहेत : एत्र (असणे) – फ्युस, आणि आव्ह्वार (जवळ असणे) – युस. त्यांच्यासोबत पूव्ह्वार (शकणे) – प्युस; साव्ह्वार (ठाऊक असणे) – स्युस; दव्ह्वार (करणे भाग असणे) – द्युस; व्हूल्वार (इच्छिणे) – व्हूल्युस; लीर (वाचणे) – ल्युस.

‘अँ’ कुळ सर्वांत लहान. त्यात व्हनीर (येणे) आणि तनीर (धरणे) ही दोन क्रियापदे आणि त्यांच्यापासून उपसर्गाने झालेली : दव्हनीर (होणे), रव्हनीर (परतणे), ओब्तनीर (मिळवणे) इत्यादी.

आता सहाही पुरुष-वचनांची रूपे पाहू. प्रत्ययांचा उच्चार क्रमाने असा : स, स, शून्य, सियों, सिये, स.

पार्ले (बोलणे) : क झ पार्लास, क त्यु पार्लास, कील पार्ला, क नू पार्लासियों, क व्हू पार्लासिये, कील पार्लास.

फिनीर (संपवणे) : फिनीस, फिनीस, फिनी, फिनीसियों, फिनीसिये, फिनीस.

एत्र (असणे) : फ्युस, फ्युस, फ्यु, फ्युसियों, फ्युसिये, फ्युस.

व्हनीर (येणे) : व्हँस, व्हँस, व्हँ, व्हँसियों, व्हँसिये, व्हँस.

यात तृतीय पुरुषी एकवचन वेगळे पडते. तेथे ‘स’ नाही. लिहिताना त्या स्वराच्या डोक्यावर टोपीसारखे चिन्ह येते आणि शेवटी मूक ‘टी’. या चिन्हाला फ्रेंचमध्ये ‘सिर्कोंफ्लेक्स’ म्हणतात. नियमाला ठळक अपवाद म्हणून ‘आईर’ (द्वेष करणे) हे क्रियापद सांगता येईल. त्याच्या ‘आय’ अक्षरावर आधीच दोन टिंबे असल्यामुळे टोपी ठेवायला जागा नाही.

‘फिनीर’च्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याची वर्तमानकालीन सब्जंक्टिव्हची रूपेही फिनीस, फिनीसियों अशीच असतात. केवळ तृतीय पुरुषी एकवचनात भेद दिसतो : वर्तमानात ‘कील फिनीस’, अपूर्ण भूतात ‘कील फिनी’. इतर ठिकाणी मुख्य वाक्याचा काळ पाहून निर्णय करावा लागतो.

टोपीखाली दडलेला इतिहास

ही टोपी शोभेची नाही. ती एका हरवलेल्या अक्षराची समाधी आहे. हे रूप लॅटिनमधून आले. लॅटिनमध्ये ‘गाणे’ या क्रियापदाचे ‘कान्ताविस्सेम’ असे एक रूप होते. ते पूर्ण भूतकाळाच्याही मागील भूतकाळाचे सब्जंक्टिव्ह. बोलण्यात त्याचा संकोच होऊन ‘कान्तास्सेम’ झाले आणि त्यापासून फ्रेंच ‘शाँतास’ निघाले. लॅटिनचे खरे अपूर्ण भूतकालीन सब्जंक्टिव्ह, म्हणजे ‘कान्तारेम’, फ्रेंचमध्ये टिकले नाही. त्याची रिकामी झालेली जागा या दुसऱ्या रूपाने घेतली. राज्ये बदलतात तेव्हा जुन्या वाड्यात नवे रहिवासी येतात, तसेच व्याकरणातही घडते.

तृतीय पुरुषी एकवचनात ‘टी’च्या आधी ‘एस’ होता. मध्ययुगात तो उच्चारातून गेला, पण लिखाणात रेंगाळत राहिला. फ्रेंच अकादमीची स्थापना १६३५ साली झाली. तिच्या शब्दकोशाच्या १७४० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने अशा अनेक शब्दांतील मूक ‘एस’ काढून टाकून त्याच्या जागी स्वरावर टोपी बसवली. इंग्रजीतील ‘फॉरेस्ट’ आणि ‘हॉस्पिटल’ हे शब्द फ्रेंचमधून गेले तेव्हा त्यांत ‘एस’ होता. फ्रेंचमध्ये आज ते ‘फोरे’ आणि ‘ओपिताल’ आहेत आणि त्या दोहोंत, हरवलेल्या ‘एस’च्या आधीच्या स्वरावर, टोपी आहे. १९९० साली फ्रान्समध्ये शुद्धलेखनाच्या सुधारणा सुचवल्या गेल्या आणि अनेक शब्दांवरील टोपी ऐच्छिक झाली. पण क्रियापदाच्या या रूपावरील टोपी मात्र कायम ठेवली गेली. कारण उघड आहे. ‘फ्यु’ हे साध्या भूतकाळाचेही रूप आहे आणि सब्जंक्टिव्हचेही. टोपी काढली तर कागदावरही दोहोंत भेद उरणार नाही.

लॅटिनच्या इतर लेकींनी हे रूप जिवंत ठेवले आहे. इटालियनमध्ये ‘कान्तास्सी’, स्पॅनिशमध्ये ‘कान्तासे’, आणि गोव्यात साडेचारशे वर्षे राज्यभाषा असलेल्या पोर्तुगीजमध्येही याच मुळाचे रूप आजही रोजच्या बोलण्यात आहे. मागे पडले ते फ्रेंचमध्येच.

केव्हा वापरतात?

जुन्या फ्रेंच गद्यातील काळांच्या मेळाचा नियम चार ओळींत सांगता येतो.

मुख्य वाक्य वर्तमानात आणि गौण क्रिया त्याच वेळची किंवा पुढची असेल, तर वर्तमान सब्जंक्टिव्ह : झ दूत कील साश (त्याला ठाऊक असेल याची मला शंका आहे).

मुख्य वाक्य वर्तमानात आणि गौण क्रिया आधीची असेल, तर पूर्ण सब्जंक्टिव्ह : झ दूत कील ए कोंप्री (त्याला समजले असेल याची मला शंका आहे).

मुख्य वाक्य भूतकाळात आणि गौण क्रिया त्याच वेळची किंवा पुढची असेल, तर अपूर्ण भूतकालीन सब्जंक्टिव्ह : झ दूते कील स्यु (त्याला ठाऊक असेल याची मला शंका होती).

मुख्य वाक्य भूतकाळात आणि गौण क्रिया त्याहूनही आधीची असेल, तर ‘युस’ किंवा ‘फ्युस’ यांच्या साहाय्याने झालेले संयुक्त रूप : झ दूते कील यु कोंप्री (त्याला समजले असेल याची मला शंका होती).

मुख्य वाक्याप्रमाणे काही अव्ययेही सब्जंक्टिव्हची मागणी करतात. ‘पूर क’ (…म्हणून, या हेतूने), ‘आव्हाँ क’ (…च्या पूर्वी), ‘बियँ क’ (जरी) ही त्यांतील नेहमीची. ‘बियँ कील फ्यु मालाद’ म्हणजे ‘तो आजारी होता तरी’. ‘ईल पार्ला लाँतमाँ पूर क तूस कोंप्रीस’ म्हणजे ‘सर्वांना समजावे म्हणून तो सावकाश बोलला’.

याच संयुक्त रूपाचा आणखी एक उपयोग आहे आणि तो मराठी माणसाला सहज उमगतो. ‘तो आला असता, तर मी बोललो असतो’ या आपल्या संकेतार्थी वाक्यात दोन्ही बाजूंना ‘असता’ येते. जुने फ्रेंचही तसेच करते : सील फ्यु व्हन्यु, झ्युस पार्ले. दोन्ही बाजूंना एकाच जातीचे रूप. आजच्या फ्रेंचमध्ये या दोन जागी दोन भिन्न रूपे येतात. म्हणून फ्रेंच मुलांना हे वाक्य चमत्कारिक वाटते. आपल्या मुलांना ते वाटू नये.

कोणाची भाषा?

इतके नियमबद्ध रूप बोलण्यातून का गेले? एक कारण उच्चारात आहे. शेवटची व्यंजने मूक झाल्यावर ‘पार्ला’ हे साध्या भूतकाळाचे की सब्जंक्टिव्हचे, हे कानाला कळेनासे झाले. दुसरे असे की, ज्या साध्या भूतकाळाच्या पायावर हे रूप उभे आहे, तो पायाच बोलण्यातून निघून गेला. त्याची जागा संयुक्त भूतकाळाने घेतली. तिसरे म्हणजे ‘सियों’ आणि ‘सिये’ यांनी शेवट होणारी लांबलचक रूपे ऐकायला हास्यास्पद वाटू लागली. ‘खून करणे’ या अर्थाच्या ‘आसासीने’ या क्रियापदाचे ‘आम्ही’चे रूप ‘आसासीनासियों’ होते! विनोदी लेखक आल्फोंस आले (१८५४–१९०५) यांनी एका प्रेमिकाच्या तक्रारीच्या कवितेत अशाच रूपांची माळ ओवून त्यांची यथेच्छ थट्टा केली आहे.

परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : हे रूप मुळात किती लोकांचे होते? फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात आँरी ग्रेग्वार या धर्मगुरू-लोकप्रतिनिधीने १७९० साली देशभर ४३ प्रश्नांची एक प्रश्नावली पाठवून लोक कोणती बोली बोलतात, याची पाहणी केली. ४ जून १७९४ रोजी त्याने राष्ट्रीय परिषदेपुढे अहवाल ठेवला. त्याच्या अंदाजाप्रमाणे, विशेषतः खेड्यांतील, किमान साठ लाख फ्रेंच नागरिकांना राष्ट्रभाषा येत नव्हती. जवळजवळ तितक्याच लोकांना तिच्यात सलग संभाषण करता येत नव्हते. आणि ती शुद्ध बोलणारे तीस लाखांहून अधिक नव्हते. म्हणजे ज्या क्रांतीने समतेची घोषणा केली, त्या क्रांतीचे कायदे ज्या भाषेत लिहिले जात होते, ती भाषा देशातील बहुसंख्य श्रमिकांची नव्हती.

ग्रेग्वार गुलामगिरीच्या विरोधात उभा राहिला होता आणि ज्यूंच्या नागरी हक्कांसाठी झगडला होता. त्याच्या समताप्रेमाविषयी शंका घेता येत नाही. तरी या रोगावर त्याने सुचवलेला उपाय बोली नष्ट करण्याचा होता. पुढे १८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाले. शेतकऱ्या-कामकऱ्यांची मुले शाळेत आली, त्यांना अक्षर मिळाले, आणि अनेकांना आपली घरची बोली शाळेच्या दाराबाहेर ठेवावी लागली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवणे हा इतिहास नव्हे.

जे रूप घरात कोणी बोलत नाही, ते ज्याच्या घरी पुस्तके आहेत त्यालाच आपसूक येते. इतरांसाठी ते परीक्षेतील कुंपण बनते. फ्रान्सच्या शिक्षण खात्याने हे अंशतः ओळखले. २६ फेब्रुवारी १९०१ च्या आदेशाने, मुख्य क्रियापद वर्तमान संकेतार्थात असेल तेव्हा गौण वाक्यात अपूर्ण भूताऐवजी वर्तमान सब्जंक्टिव्ह लिहिले तरी चूक धरू नये, असे ठरले. २८ डिसेंबर १९७६ च्या आदेशाने ही सवलत भूतकाळी मुख्य वाक्यांपर्यंत वाढवली. आज फ्रेंच मनुष्य निःसंकोचपणे ‘ईल फाले कील व्हियेन’ म्हणतो. म्हणजे आपल्या ‘यावे’प्रमाणेच त्याचेही क्रियापद काळाच्या बंधनातून सुटले आहे. लिखित साहित्यात तृतीय पुरुषी एकवचन, विशेषतः ‘फ्यु’ आणि ‘यु’, अद्याप भेटते. आणि ‘न फ्युस क’ (निदान एवढे तरी) असे काही शब्दप्रयोग गोठून राहिले आहेत.

कुंपण मोडण्याचे दोन मार्ग असतात. एक, ते काढून टाकणे. दुसरा, ते ओलांडणे. सेनेगलमध्ये १९०६ साली जन्मलेले लेओपोल्ड सेदार सेंघोर यांनी दुसरा मार्ग धरला. वसाहतीतील या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने १९३५ साली पॅरिसमध्ये फ्रेंच व्याकरणाची अत्यंत कठीण ‘आग्रेगास्यों’ परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला. त्यानंतर तूर शहरातील शाळेत त्यांनी फ्रेंच मुलांना शिकवले. १९६० साली ते स्वतंत्र सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९८३ साली फ्रेंच अकादमीवर निवडून आलेले पहिले आफ्रिकी सदस्य ठरले. ज्यांची भाषा अपुरी म्हणून हिणवली गेली, त्यांच्यातील एकाने राज्यकर्त्यांचे व्याकरण राज्यकर्त्यांनाच शिकवले.

एका जाहीरनाम्यातील काळ

काळाची निवड हा केवळ शोभेचा प्रश्न नसतो, हे एका उदाहरणावरून पाहू. २६ ऑगस्ट १७८९ चा मानवी व नागरी हक्कांचा जाहीरनामा आपण इतिहासात शिकतो. त्याच्या प्रस्तावनेत, लोकप्रतिनिधींनी हे हक्क मांडण्याचे ठरवले आहे, असे संयुक्त भूतकाळातील मुख्य वाक्य येते. त्याचा हेतू सांगणाऱ्या गौण वाक्यांत ‘रापेल’ (स्मरण करून द्यावे) आणि ‘स्वा’ (असावेत) अशी क्रियापदे आहेत. ही दोन्ही वर्तमान सब्जंक्टिव्हची रूपे आहेत. त्या काळी अपूर्ण भूतकालीन सब्जंक्टिव्ह विद्वानांच्या लेखणीत पूर्ण जिवंत होते. कोणी इतिहासकाराने हाच प्रसंग मागाहून कथन केला असता, तर त्याने ‘रापला’ आणि ‘फ्युस’ असे लिहिले असते; म्हणजे त्या वेळी त्यांचा हेतू असा होता, एवढाच अर्थ झाला असता. जाहीरनाम्याने वर्तमान रूप ठेवले, कारण ठराव झाला असला तरी त्याचा हेतू संपलेला नव्हता. हक्कांचे स्मरण कालच्या दिवसापुरते नव्हते, ते रोजचे होते. दोन काळांतील हा फरक ज्याला दिसत नाही, त्याला त्या वाक्याचे अर्धे बळ कळत नाही. आणि तो दिसण्यासाठी मागे पडलेले रूपही माहीत असावे लागते.

आपल्या वाचनात हे रूप कोठे भेटेल?

सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी बर्निये आणि ताव्हेर्निये, तसेच शिवाजी महाराजांच्या कर्नाटक मोहिमेची नोंद करणारा पाँडिचेरीचा फ्राँस्वा मार्तँ, यांच्या काळातील फ्रेंच गद्यात वर सांगितलेला नियम सर्रास पाळला जात असे. बौद्ध विद्येच्या अभ्यासात तर फ्रेंच ही एक प्रमुख भाषा आहे. युजेन ब्युर्नुफ यांचा भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावरील ग्रंथ १८४४ साली प्रसिद्ध झाला. वसुबंधूच्या अभिधर्मकोशाचे फ्रेंच भाषांतर बेल्जियन पंडित ला व्हाले पुसँ यांनी १९२३ ते १९३१ या काळात प्रसिद्ध केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात ज्या विद्वानांच्या व्याख्या तपासल्या, त्यांत पहिले नाव एमिल सेनार या फ्रेंच पंडिताचे आहे. सेनार यांचा ग्रंथ मूळ फ्रेंचमध्ये १८९६ साली निघाला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर १९३० साली झाले. कोलंबियात बाबासाहेबांनी घेतलेल्या विषयांत प्राथमिक फ्रेंचचाही समावेश होता. भाषांतराची वाट पाहत बसणे आणि मूळ ग्रंथापर्यंत स्वतः चालत जाणे, यांत विद्यार्थ्याच्या आयुष्यातील किती वर्षांचे अंतर पडू शकते, हे यावरून कळावे.

अभ्यास

पुढील ‘त्यु’ रूपांवरून प्रथम पुरुषी आणि तृतीय पुरुषी एकवचनाची सब्जंक्टिव्ह रूपे तयार करा : (१) त्यु शाँता (तू गायलास), (२) त्यु ल्यु (तू वाचलेस), (३) त्यु व्हेक्यु (तू जगलास), (४) त्यु दव्हँ (तू झालास).

पुढील वाक्यांचा अर्थ सांगा : (५) ईल फाले क झ पार्लास. (६) झ दूते कील फ्यु मालाद. (७) ईल पार्ला आव्हाँ क नू फिनीसियों. (८) ईल यु फिनी.

उत्तरे : (१) शाँतास, शाँता. (२) ल्युस, ल्यु. (३) व्हेक्युस, व्हेक्यु. (४) दव्हँस, दव्हँ. तृतीय पुरुषी रूपे लिहिताना टोपी आणि मूक ‘टी’ विसरू नये. (५) मी बोलणे आवश्यक होते. (६) तो आजारी असेल याची मला शंका होती. (७) आम्ही संपवण्यापूर्वी तो बोलला. येथे ‘फिनीसियों’ हे रूप दोन्ही काळांत सारखेच आहे. मुख्य वाक्य साध्या भूतकाळात असल्यामुळे जुन्या नियमाने ते अपूर्ण भूत समजावे. (८) त्याने संपवले असते.

विद्यार्थ्यांनी हे रूप बोलण्यात आणण्याचा आग्रह धरू नये. आजच्या पॅरिसमध्ये तसे बोलणाऱ्याकडे लोक कौतुकापेक्षा कुतूहलानेच पाहतील. लिहितानाही ते क्वचितच लागेल. वाचताना मात्र ‘क’नंतर टोपीधारी स्वर दिसला किंवा जोडीने आलेले दोन ‘एस’ दिसले, की थांबावे, मुख्य वाक्याचा काळ पाहावा, ‘स’ काढून साध्या भूतकाळाचे रूप ओळखावे आणि मराठीतील ‘-वे’ किंवा ‘असते’ लावून अर्थ करावा. एवढ्या चार पायऱ्या नीट बसल्या, तर दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे फ्रेंच गद्य परके राहत नाही. रोज एक क्रियापद घेतले, तरी या लेखातील वीसएक क्रियापदे महिन्याच्या आत होतात.